आधी बकेट टेकवा

बोरीवलीत सध्या काहीच खोदलेलं नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही. कुठे रस्त्याचं काँक्रिटीकरण, कुठे पाण्याची लाइन, कुठे जुनी सोसायटी पाडून उभा राहणारा टॉवर. आमच्या गल्लीतही एका उन्हाळ्यात जेसीबी दोन महिने मुक्कामाला होता. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचं इंजिन थांबायचं आणि दिवसभर घरात कोंडलेली मुलं बॅट-बॉल घेऊन खाली उतरायची.

एका संध्याकाळी बदलीवर आलेल्या ऑपरेटरने चावी फिरवली, खाली उडी मारली आणि तो चहाला निघून गेला. पुढची बकेट माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तशीच राहिली. थोड्या वेळाने चेंडू तिच्याखाली गेला आणि सात-आठ वर्षांचा एक मुलगा जवळजवळ रांगत तो काढायला आत शिरला. सुदैवाने काही झालं नाही. इंजिन बंद होतं, आवाज नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या मोठ्या माणसांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. पण नेहमीच्या ऑपरेटरला मी रोज गॅलरीतून पाहत होतो. जालन्याकडचा तो तरुण काम संपल्यावरही पाच-सात मिनिटं सीटवरून हलत नसे. बकेट खाली, इंजिन सावकाश, मग बंद, आणि बंद इंजिनावर पुन्हा लिव्हरची हलवाहलव. एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, इंजिन बंद झालं म्हणजे मशीन बंद झाली असं नसतं. वजन खाली यायला पाहिजे आणि तेल मोकळं व्हायला पाहिजे. मग मशीन बंद."

हायड्रोलिक यंत्र सुरक्षित बंद करण्याचं सगळं शास्त्र त्याच्या या बोलण्यात आहे. ते उलगडून सांगावं, म्हणून हा लेख.

ट्रॅक्टर आणि त्याचे हात

ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे शेत येतं. बोरीवलीशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. पण बोरीवलीच्या अलीकडचंच स्टेशन कांदिवली, आणि तिथे पूर्वेला आकुर्ली रोडवर ट्रॅक्टरचा कारखाना आहे. महिंद्रा अँड महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. १९६५ मध्ये तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९७७ साली ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतांत पहिला ट्रॅक्टर पोचला तो या उपनगरातून.

आणि आपल्या गल्लीत येणारा जेसीबी? तोही मुळात ट्रॅक्टरच. जोसेफ सिरिल बॅम्फर्ड यांनी १९४५ साली इंग्लंडमधल्या युटॉक्सिटर गावात धंदा सुरू केला; त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. १९५३ मध्ये त्यांनी फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला मागे खोदणारा हायड्रोलिक हात बसवला. पुढे उचलणारी बकेट, मागे खोदणारी बकेट आणि मधे ट्रॅक्टर, ही रचना तेव्हापासूनची. भारतात १९७९ पासून ही यंत्रं हरियाणातल्या बल्लभगढला बनू लागली आणि आपण कुठल्याही कंपनीच्या अशा यंत्राला जेसीबीच म्हणू लागलो. म्हणून शेतात माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर, उसाच्या फडातून निघालेली ट्रॉली, गावाकडची हायड्रोलिक टिपर ट्रॉली आणि बोरीवलीच्या गल्लीतला जेसीबी, यांना बंद करण्याचे नियम एकच आहेत.

हायड्रोलिक ट्रॅक्टरला जोडलं गेलं तेही माणूस वाचावा म्हणून, हे आवर्जून सांगायला हवं. सुरुवातीच्या ट्रॅक्टरमागे नांगर नुसता साखळीने किंवा दांड्याने ओढला जाई. नांगर दगडात अडकला की मागची चाकं फिरतच राहत, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकरी घरातल्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची उचल-ठेव हायड्रोलिकच्या ताब्यात दिली. १९२६ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं आणि १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरमधून ही रचना जगभर गेली. आज आपल्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे जी लिफ्ट दिसते ती हीच. चालकाच्या जिवासाठी आलेली ही सोय कुणाच्या जिवावर उठू नये, एवढी काळजी आपल्यावर आहे.

तेल दाबलं जात नाही

सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने एक साधी गोष्ट दाखवून दिली. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यावरून हायड्रोलिक प्रेस बनवला. जेसीबीचा हात त्याच कुळातला.

हिशेब सोपा आहे. ८ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर भरतं. पंपाने तेलाला दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोचा दाब दिला, की त्या एका सिलिंडरची ताकद होते ७,५०० किलो, म्हणजे साडेसात टन. ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये असा दाब सर्रास असतो. जेसीबीत तो अडीचशेच्या आसपासही जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण अडीच-तीन किलोची हवा भरतो, हे आठवलं म्हणजे या आकड्याचं गांभीर्य कळेल.

आता इंजिन बंद करा. पंप थांबला. बकेट वरच राहिली. ती कुणी धरली आहे? लोखंडाच्या खिट्टीने नाही, सिलिंडरमध्ये अडकलेल्या तेलाने. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून बकेट खाली येत नाही. पण त्या तेलाला बाहेर जायला जरा वाट मिळाली, की बकेटला आधार उरत नाही.

वाटा तीन आहेत. पहिली व्हॉल्व्हची. लिव्हर हलवला की व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये एक दांडा पुढे-मागे सरकतो. तो सरकायचा म्हणजे त्याच्याभोवती थोडी मोकळीक हवीच. ही मोकळीक केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी असते, तरी तेल तिच्यातून झिरपतं. दिवसभर तापलेलं तेल पातळ असतं, ते लवकर झिरपतं. म्हणून रात्री वर सोडलेली बकेट सकाळी वीत-दोन वीत खाली आलेली असते. रात्री कुणी हात लावलेला नसतो. ती आपल्याच वजनाने उतरलेली असते.

दुसरी वाट होज पाइपची. रबरी पाइप उन्हाने तडकतात, घासून झिजतात. झिजलेला पाइप इंजिन बंद असतानाही फुटू शकतो, कारण वरच्या वजनाचा दाब त्याच्यावर चालूच असतो.

तिसरी वाट सगळ्यात धोक्याची: लिव्हर. बहुतेक ट्रॅक्टरची लिफ्ट वर न्यायला इंजिन लागतं. खाली यायला लागत नाही. इंजिन बंद असलं तरी लिव्हर खाली ढकलला, की वर उचललेला रोटाव्हेटर खाली येतो. अंगणात उभ्या ट्रॅक्टरवर चढून स्टिअरिंग फिरवणाऱ्या पोराचा हात त्या लिव्हरला लागणं, यात अशक्य असं काहीच नाही.

माती भरलेली बकेट आणि तिचे हात मिळून एक टन धरू आणि उंची अडीच मीटर. ते वजन मोकळं सुटलं तर पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येईल आणि टेकताना त्याचा वेग ताशी २५ किलोमीटर असेल. तेल बाहेर पडायला वेळ घेतं, म्हणून प्रत्यक्षात बकेट याहून सावकाश येते; पण तेवढ्या वेळात खाली वाकलेल्या माणसाला बाजूला होता येईल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर आणखी एक ट्रॅक्टर दिसतो, मागे कॉम्प्रेसर लावून ब्रेकर चालवणारा. तिथे तेलाऐवजी हवा असते, आणि हवेचा स्वभाव उलटा. ती दाबून साठवता येते. इंजिन बंद झाल्यावरही टाकीत दाबलेली हवा तशीच असते, आणि पाइपचं तोंड निसटलं तर तो पाइप सापासारखा फटके मारतो. म्हणून तिथे टाकीची हवा सोडून काटा शून्यावर आणल्याशिवाय पाइप सोडायचा नाही.

बंद करण्याचा क्रम

यंत्र बंद करायची सुरुवात जागा निवडण्यापासून होते. जमीन सपाट आणि टणक हवी. नुकताच बुजवलेला चर वरून रस्त्यासारखा दिसतो, पण रात्रीतून खचतो. उघड्या खड्ड्याच्या कडेला यंत्र लावू नये. निदान खड्डा जेवढा खोल तेवढं अंतर सोडावं. सोसायटीचं गेट, अग्निशमनाची गाडी वळायची जागा, गटाराची झाकणं मोकळी ठेवावीत. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला चढ-उताराचे रस्ते आहेत. तिथे थांबणं टळत नसेल तर चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि यंत्राचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवावीत.

जागेवर आल्यावर गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा, चालू असेल तर तो सोडवायचा. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, धोतराचा सोगा, गमछा त्यात सापडला तर "अरे" म्हणेपर्यंत चार-पाच वेढे बसलेले असतात. पीटीओ सोडवल्यावरही रोटाव्हेटरची पाती काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत सीट सोडायची नाही.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम: जे जे वर आहे ते ते जमिनीवर टेकवायचं. पुढची बकेट सपाट, मागची बकेट जमिनीवर, रोटाव्हेटर किंवा नांगर खाली, ट्रॉलीचा डाला पूर्ण बसलेला. त्याआधी आजूबाजूला माणूस, मूल, कुत्रं नाही ना, हे पाहायचं. हे इंजिन चालू असतानाच करायचं, कारण तेव्हा पंप आपल्या हातात असतो आणि वजन बेतानं उतरवता येतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीलाही हाच नियम आहे. उन्हाच्या वेळी साइटवर सावली कुठे असते? यंत्राखाली आणि उचललेल्या बकेटखाली. दमलेला हेल्पर तिथेच गमछा अंथरून आडवा होतो. बकेट टेकलेली असली म्हणजे तिच्याखाली झोपायला जागाच उरत नाही.

यानंतर इंजिन दोन ते पाच मिनिटं सावकाश चालू द्यायचं. टर्बो असलेल्या इंजिनाला तर हे हवंच. जोराच्या कामात टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या एका बाजूने धगधगता धूर जात असतो. त्याला वंगण पुरवतो तो इंजिनाचा ऑइल पंप. गरम इंजिन एकदम बंद केलं की वंगण थांबतं, आत उरलेलं तेल जळून काजळी धरते आणि टर्बोचं आयुष्य घटतं. ही पाच मिनिटं ऑपरेटरलाही कामाची. मीटरचे काटे बघावेत, कुठे तेलाचा थेंब पडतोय का ते न्याहाळावं, उद्या मेस्त्रीला काय सांगायचं ते ठरवावं.

आता इंजिन बंद. आणि मग माझ्या शेजाऱ्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट: बंद इंजिनावर सीटवर बसूनच सगळे लिव्हर सगळ्या दिशांना दोन-तीनदा हलवायचे. पाइपांत आणि सिलिंडरमध्ये कोंडलेला दाब त्यामुळे टाकीकडे निघून जातो. नव्या यंत्रांत लिव्हर विजेवर चालत असतील तर त्यासाठी चावी "ऑन"वर ठेवावी लागते. जालन्याचा तरुण "तेल मोकळं" म्हणायचा ते हेच. याचा एक रोजचा फायदाही आहे. कपलिंग काढताना-जोडताना पाइप जाम झालेत अशी तक्रार असते. बहुतेक वेळा आत अडकलेला दाबच त्याचं कारण असतो, आणि त्यावर हातोडी मारणं हे संकटाला बोलावणं आहे.

शेवटी चावी काढून खिशात, बॅटरीचा स्विच असेल तर तो बंद, केबिनला कुलूप. उतरताना तोंड यंत्राकडे ठेवायचं आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. उडी मारायची नाही. दिवसभर हादरे खाल्लेले गुडघे उडीला तयार नसतात. रस्त्यावर मुक्काम असेल तर पुढे-मागे कोन आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, कारण रात्री दुचाकीवाल्याला पिवळं यंत्र दिसतं पण बाहेर आलेले बकेटचे दात दिसत नाहीत.

काम चालू असताना इंजिनच मेलं आणि बकेट वर अडकली तर? आधी सगळ्यांना लांब करावं, मग लिव्हरने ती हळूहळू उतरवून पाहावी. उतरत नसेल तर खाली कुणालाही जाऊ न देता जागा दोरीने बंद करून मेकॅनिकची वाट पाहावी. हेल्परला "जरा खाली वाकून बघ" असं मात्र कधीही म्हणू नये.

टाचणीच्या टोकाएवढी जखम

दाबातल्या तेलाचा आणखी एक धोका आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. होज पाइपला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं की तेल बारीक धारेने बाहेर पडतं. ती धार इतकी बारीक असते की धुकंच वाटावं. मेस्त्री सवयीने पाइपावरून हात फिरवतो, कुठून येतंय ते चाचपायला. त्या क्षणी तेल कातडीतून थेट आत शिरतं. यंत्राच्या एकूण दाबाचा लहानसा हिस्साही त्याला पुरतो.

बाहेरून दिसतो तो काटा टोचल्यासारखा एक ठिपका. सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस फडक्याने हात पुसतो आणि कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजतं, ठणकू लागतं, काळं-निळं पडतं, कारण तेल आत पसरून मांस जाळत असतं. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून अशी जखम कितीही क्षुल्लक वाटली तरी थेट हाताची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जायचं आणि तिथे स्पष्ट सांगायचं, "प्रेशरचं हायड्रोलिक तेल आत गेलंय." एवढं वाक्य डॉक्टरांसाठी फार मोलाचं आहे. आणि गळती शोधायची ती पुठ्ठ्याने किंवा फळीने, डोळ्यांवर चष्मा लावून. पुठ्ठ्यावर ओला डाग उमटला की जागा सापडली.

दुरुस्तीसाठी बकेट वर ठेवणं भाग पडलं तर लोखंडी आधार हवा. जेसीबीच्या पुढच्या हातांसाठी सिलिंडरच्या दांड्यावर बसवायचा आधार यंत्राबरोबरच मिळतो. तो बसवल्याशिवाय खाली शिरायचं नाही. ट्रॉलीच्या उचललेल्या डाल्याखाली जाड टेकू हवाच. कारखान्यांसाठी अमेरिकेने १९८९ साली नियम केला की, दुरुस्तीआधी यंत्रात साठलेली सगळी ऊर्जा, मग ती विजेची असो, दाबाची असो की उंचावरच्या वजनाची, शून्यावर आणायची आणि स्विचला कुलूप लावून किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. गल्लीतल्या दुरुस्तीलाही हे तंतोतंत लागू आहे. मेस्त्री खाली असेल तर चावी मेस्त्रीच्या खिशात.

नदी, खाडी आणि पावसाळा

बोरीवलीची म्हणून काही खास पथ्यं आहेत. दहिसर नदी नॅशनल पार्कात तुळशी तलावाकडून निघते आणि बोरीवली-दहिसरमधून मनोरीच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाल्यांतला गाळ किती महाग पडतो ते मुंबईला कळलं. तेव्हापासून पावसाळ्याआधीच्या गाळउपशाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण त्या कामावरचं यंत्र रात्री पात्रात ठेवणं चुकीचं आहे. वर डोंगरात सर आली की खाली पाणी चढायला वेळ लागत नाही, आणि ओल्या काठाची माती यंत्राचं वजन पेलत नाही. संध्याकाळी यंत्र रॅम्पवरून वर आणून पक्क्या जमिनीवरच बंद करावं.

दुसरं पथ्य खाडीच्या वाऱ्याचं. गोराईच्या बाजूची हवा खारट. सिलिंडरचा चकचकीत दांडा क्रोमचा मुलामा दिलेला असतो. उघडा राहिला तर त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ते खड्डे आतलं रबरी सील कापतात. मग तेल गळतं, आणि धोक्याचं चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणून यंत्र उभं करताना जितके दांडे आत घेता येतील तितके घ्यावेत, उरलेल्यांवर ग्रीसचा हात फिरवावा.

औत सुटतं तेव्हा

आपल्या बापजाद्यांना हे सगळं वेगळ्या रूपात ठाऊक होतं. दिवस मावळताना औत सोडायचं, त्याचीही एक रीत होती. भर तासात बैल टाकून कुणी घरी जात नसे. औत बांधाला आणायचं, जू उतरवायचं, बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा, त्यांना पाणी दाखवायचं आणि मगच आपण पाणी प्यायचं. जनावराच्या खांद्यावरचा भार उतरला नाही तोवर दिवस संपला असं मानत नसत. ट्रॅक्टरला मान नाही, पण भार आहे. तो उतरवल्याशिवाय त्याचाही दिवस संपत नाही.

आपण रस्त्यावरून जाणारी माणसं यंत्र चालवत नाही, पण आपल्याला एक गोष्ट करता येते. थांबलेल्या जेसीबीची बकेट वर दिसली तर मुलांना लांब बोलवावं आणि ऑपरेटरकडे जाऊन नीट सांगावं, "दादा, चहाला जायच्या आधी बकेट टेकवा." बदलीवरच्या त्या ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं. तो रागावला नाही. पुन्हा वर चढला, इंजिन चालू केलं आणि बकेट खाली आणली. लोखंड डांबराला टेकल्याचा जड आवाज आला. मग इंजिन बंद झालं, दोनदा लिव्हर हलले, चावी खिशात गेली. पाचच मिनिटांत मुलांनी त्या टेकलेल्या बकेटवर खडूने तीन स्टंप काढले आणि खेळ सुरू झाला.